पटाया : सहकुटुंब जावे का?

पटायाचे नाव काढले की घरातली वडीलधारी मंडळी भुवया उंचावतात. त्यांचे चुकत नाही. रात्रीच्या ‘वॉकिंग स्ट्रीट’ने या शहराची तशी ख्याती केली आहे. पण बँकॉकपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरचे हे किनारी शहर दिवसा वेगळे असते. फजरला दिवस सुरू करायचा आणि इशापर्यंत मुक्कामी परतायचे, एवढे पाळले तर मुलाबाळांसह दोन दिवस मजेत जातात.

मुक्काम नाक्लुआ किंवा जोमतियन या शांत भागांत ठेवा. पहिल्या दिवशी बाली हाय धक्क्यावरून फेरीबोटीने को लान बेट गाठा. सुमारे पाऊण तासात स्वच्छ पाणी आणि पांढरी वाळू! जेट-स्की भाड्याने घेणार असाल तर आधी तिचे चारी बाजूंनी फोटो काढा. नंतर ओरखड्यांवरून वाद नको.

दुसरा दिवस नोंग नूच बागेचा. डायनासोरचे भव्य पुतळे पाहून मुले हरखतात. चालणे झेपत नसलेल्या दादी-नानींसाठी बागेत गाडी फिरते.

खाण्यापिण्यात मात्र जपा. अरबी लिपीतले ‘हलाल’ चिन्ह शोधा, आणि एक थाई शब्द पाठ करा : ‘मू’ म्हणजे डुकराचे मांस. रस्स्यातही ते असू शकते, म्हणून विचारूनच खा. शहरात मशिदी आहेत. त्यांच्या आसपास हलाल जेवण मिळण्याची शक्यता जास्त.

शहर तेच असते. त्यातली वाट आपण निवडायची.