टगबोटीचे छायाचित्र आणि टॉवेलाचा धागा

समुद्रकिनाऱ्यावर अंथरावयाच्या टॉवेलांवर नारळाची झाडे आणि रंगीत मासे यांच्या जोडीला खरीखुरी छायाचित्रेही छापली जातात. त्यांतच टगबोटीचे छायाचित्र असलेले टॉवेलही ऑनलाइन बाजारात मिळतात. चित्र मनात भरते; मात्र ते कापडावर कसे उमटते हे ठाऊक असल्यास टॉवेल पारखून घेता येतो.

मुरगाव बंदरामुळे टगबोट गोमंतकीयांना अपरिचित नाही. मोठ्या जहाजाचे सुकाणू त्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या जोरावर काम करते. बंदरात शिरताना वेग मंदावला, की तो जोर ओसरतो आणि जहाज सुकाणूला पुरेसे जुमानत नाही. अशा वेळी टगबोटी त्याला दोराने ओढून किंवा नाकाने रेटून धक्क्याला लावतात. आजच्या बंदरी टगबोटींची ओढ साधारणतः ४० ते ८० टन असते. आखूड, रुंद बांधा आणि ठळक रंग यांमुळे ही बोट कापडावर उठून दिसते. बारीक दोर आणि रेलिंग मात्र टॉवेलाच्या लवीत हरवून जातात.

अशा छपाईची प्रचलित पद्धत उष्णतेची आहे. छायाचित्र प्रथम विशेष शाईने कागदावर उलटे छापतात. तो कागद कापडावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानात दाबला, की शाईतील रंगाची वाफ होते आणि ती पॉलिएस्टरच्या तंतूत शिरते. कापड निवताच रंग आत अडकून बसतो. म्हणूनच तो धुण्याने सहजासहजी जात नाही. या शाईत पांढरा रंग नसतो; टगबोटीमागचा फेस पांढरा दिसतो, तो मूळ कापडाचा.

हा रंग सुती तंतूत मात्र टिकत नाही, आणि खरी अडचण येथेच आहे. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. चित्र जपणारा धागा पाणी टिपण्यात उणा पडतो. पॉलिएस्टरचे तंतू अतिशय बारीक केले, तर त्यांच्यामधील फटींत पाणी साठते. मायक्रोफायबरचे टॉवेल याच तत्त्वावर चालतात आणि लवकर वाळतात. दुसरा उपाय म्हणजे वरची बाजू पॉलिएस्टरची आणि खालची बाजू सुती फाशांची ठेवणे. सोलापूरच्या ज्या टेरी टॉवेलाला भौगोलिक मानांकन लाभले आहे, त्याचे गमक याच फाशांत असते. फासे जितके मोकळे, तितके पाणी अधिक टिपले जाते; चित्र मात्र तितकेच धूसर होते. यास्तव चित्राची बाजू कातरून सपाट केली जाते.

स्वतः काढलेले छायाचित्र छापून घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. १५० सेंटिमीटर लांबीच्या टॉवेलावर दर इंचाला १५० बिंदू हवे असल्यास छायाचित्राची लांबी सुमारे ८,९०० बिंदू असावी लागते. मोबाइलवरून पाठवताना आकसून १,६०० बिंदूंचे झालेले छायाचित्र तेवढे ताणले, तर दर इंचाला जेमतेम २७ बिंदू उरतात आणि टगबोटीऐवजी रंगीत डाग दिसतो.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. पॉलिएस्टरचे कापड धुताना त्यातून डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे तंतू सुटतात आणि सांडपाण्यावाटे समुद्रापर्यंत पोहोचू शकतात. म्हणून खरेदीपूर्वी टॉवेल उलटून पाहावा आणि त्यावरील चिठ्ठी वाचावी. तो केवळ अंथरण्यासाठी हवा असेल, तर पॉलिएस्टर चालेल. तेही वारंवार धुऊ नये. अंग पुसण्यासाठी मात्र मागील बाजू सुती असलेला टॉवेल घ्यावा, किंवा सोबत साधा पंचा ठेवावा.