वाड्याची कथा आणि गड्याची जागा : गतकाळावरील दूरचित्रवाणी मालिकांविषयी प्रेक्षकाचे मत

प्रस्तावना :
उमराव कुटुंबे व त्यांची चाकरमंडळी यांचे गतकाळातील सहजीवन रंगविणाऱ्या दूरचित्रवाणी मालिका जगभर लोकप्रिय ठरल्या आहेत. अशा मालिकेविषयी प्रेक्षकाचे मत केवळ अभिनय, वेशभूषा वा नेपथ्य यांवरून बनत नाही. वाड्याच्या पुढल्या दाराने तो कथेत शिरतो की मागल्या, यावरही ते अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हा मुद्दा आर्वी (जि. वर्धा) परिसरातील प्रेक्षकाच्या संदर्भात स्पष्ट केला आहे.

इंग्रजी मालिका आणि दोन मते :
या प्रकाराचा पाया 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' (१९७१-१९७५) या ब्रिटिश मालिकेने घातला. जीन मार्श व आयलीन ॲटकिन्स या अभिनेत्रींच्या कल्पनेतून ती साकारली आणि मार्श यांनी तीत स्वतः मोलकरणीची भूमिका केली. पुढे ज्युलियन फेलोज यांच्या 'डाउन्टन ॲबी' (२०१०-२०१५) या मालिकेने हीच वाट धरली. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाल्याच्या वार्तेने तिचा आरंभ होतो.

तिच्याविषयी परस्परविरोधी मते आढळतात. एका मतानुसार मालिकेने स्वयंपाकघरातील माणसांना नाव, स्वभाव व आकांक्षा दिल्या. दुसऱ्या मतानुसार धनी व चाकर यांच्यातील जिव्हाळा तीत इतका गडद आहे की विषमता सुसह्य वाटू लागते. दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि ग्वेन ही मोलकरीण टंकलेखन शिकून चाकरी सोडते, हा प्रसंग विशेष महत्त्वाचा होय. चाकराला निघून जाण्याचा मार्ग दिसला की कथेतील आपुलकीची खरी किंमत कळते.

मराठी चित्रण :
रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) या कादंबरीवरील मालिका गजानन जागीरदार यांनी दूरदर्शनसाठी दिग्दर्शित केली. अशा पेशवेकालीन कथानकांत सेवक बहुधा निरोप घेऊन येतो, मुजरा करतो आणि निघून जातो. त्याच्या घरी चूल पेटली की नाही, हे प्रेक्षकाला कळत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे जन्मलेले महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' या नाटकातील चित्र वेगळे आहे. १९८५ साली ते रंगभूमीवर आले व विजया मेहता यांनी त्यावर 'हवेली बुलंद थी' हा हिंदी दूरचित्रपट केला. देशपांड्यांच्या या वाड्याचे वैभव ओसरले आहे, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे आणि घरातली कष्टाची कामे धाकटा मुलगा चंदू मुकाट्याने उपसतो. गडी गेले तरी गड्याची जागा रिकामी राहत नाही. ती घरातल्याच दुबळ्या माणसाच्या वाट्याला येते. उमरावी जीवनाचे याहून कठोर परीक्षण क्वचितच आढळते.

आर्वीच्या संदर्भात :
वर्धा जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात असल्याने येथे मालगुजारी पद्धती होती. १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ पासून ती संपुष्टात आली. मालगुजारी गेली, परंतु सालदार राहिला. गुढीपाडव्याला वर्षाचा करार ठरविणे, रोख रकमेसोबत धान्य घेणे आणि पुढच्या पाडव्याला मालक बदलणे वा न बदलणे, ही रीत येथील शेतीव्यवहाराच्या परिचयाची आहे. अशा करारावर राबलेल्या बापाचा मुलगा आणि ज्याच्या ओसरीवर तो ठरत असे त्या घरचा मुलगा आज एकाच महाविद्यालयात शिकतात. एकच मालिका पाहून एकाला दिवाणखान्यातील झुंबर आठवेल, तर दुसऱ्याला ते पुसणारा हात. या दोन मतांतील अंतर हे अभिरुचीचे नसून अनुभवाचे आहे.

निष्कर्ष :
अशा मालिकांचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न उपयुक्त ठरतात : चाकराला मोबदला काय मिळतो, तो कोठे जेवतो व निजतो, आणि त्याला चाकरी सोडता येते काय? जी कथा ही उत्तरे देते तीच संपूर्ण वाड्याची कथा होय. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा होण्यास २००८ साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेता हे प्रश्न केवळ गतकाळाचे ठरत नाहीत. वर्गात अशी कलाकृती शिकविताना दोन्ही दारांतून आलेली मते ऐकून घेणे, हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.