आवाज लहरीवर कसा बसतो?

रेडिओ लावला की आवाज येतो, एवढे आपल्याला ठाऊक असते. तो लहरीवर बसतो कसा, हे एका छोट्या एफ.एम. प्रक्षेपकात छान समजते. त्याला सामान ते किती? एक ट्रान्झिस्टर, तांब्याच्या तारेचे चार-पाच वेढे, काही कंडेन्सर आणि रेझिस्टर, मायक्रोफोन आणि बॅटरी.

वेढे आणि कंडेन्सर ही जोडी म्हणजे झोपाळाच समजा ना! वीज त्यांच्यात पुढे-मागे झुलते. ट्रान्झिस्टर तिला वेळेवर झोका देतो. वेढे ०.१ मायक्रोहेन्रीचे आणि कंडेन्सर २५ पिकोफॅरडचा धरला, तर सेकंदाला सुमारे १० कोटी झोके होतात; म्हणजेच १०० मेगाहर्ट्झ. आता आपण बोललो, की मायक्रोफोनमुळे ट्रान्झिस्टरवरील विजेचा दाब बदलतो. त्याबरोबर त्याच्या आतली धारकता किंचित बदलते आणि झोके कमीजास्त वेगाने पडू लागतात. आवाज लहरीवर बसला तो असा.

पण जी गोष्ट आवाजाने होते, ती नुसता हात जवळ नेला किंवा बॅटरी उतरली तरीही होते. लहर जागा सोडते. एफ.एम.चा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. त्याला लागूनच विमानांना दिशा दाखविणाऱ्या लहरी सुरू होतात. सरकलेली लहर तिथे शिरली तर? म्हणूनच प्रक्षेपण केंद्रात स्फटिकाच्या आधाराने लहर जागेवर बांधून ठेवतात, आणि म्हणूनच शक्ती कितीही थोडी असली तरी परवान्यावाचून असे यंत्र चालवू नये. समजून घ्यायला मात्र परवाना लागत नाही!