डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग, १९८२
बीट बनवायच्या ॲपमध्ये सोळा चौकोनांची ओळ असते ना? रोलँडच्या टीबी-३०३ मशीनमध्ये हीच कल्पना होती: सोळा जागा, त्यात सूर भरायचे, मशीन ते फिरवत राहतं. मुंबईचे फिल्मी वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ते, टीआर-८०८ चा ठेका आणि ज्युपिटर-८ घेऊन ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ केला. खरी गंमत ‘स्लाइड’ची. सूर न तुटता पुढच्यावर घसरतो, जवळपास मींडच! (बनवणाऱ्यांना मात्र बास गिटारची नक्कल हवी होती.) याच मशीनवरचा शिकागोचा ‘ॲसिड ट्रॅक्स’ आला १९८७ मध्ये, आणि ॲसिड हाऊसचा इतिहास बहुतेक तिथूनच सांगतात. सिंग यांची रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली. रत्नागिरी-मुंबई प्रवासात ऐकणार असाल तर हेडफोन लावा, मोबाईलच्या स्पीकरवर बास कळतच नाही.