विशाखा : न्यायालयाने लिहिलेला नियम

वरिष्ठ न्यायालयाने कायद्याच्या एखाद्या प्रश्नाचा जो निवाडा केलेला असतो, तो नंतरच्या तशाच वादात खालच्या न्यायालयांना पाळावा लागतो आणि अशा निवाड्याला पूर्वनिर्णय म्हणतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांना बंधनकारक असतो. उच्च न्यायालयाचे बंधन मात्र त्याच्या अधिकारक्षेत्रापुरते असल्यामुळे जयपूरच्या तिलक नगरातील एखाद्या संस्थेचा वाद खालच्या न्यायालयात चालला, तर तेथे राजस्थान उच्च न्यायालयाचा निकाल पाळावाच लागतो आणि मुंबईचा निकाल केवळ आधारापुरता दाखवता येतो. शिवाय ज्या तत्त्वावर निर्णय उभा असतो तो निर्णयाधारच बांधतो, ओघात आलेले अभिप्राय नव्हे.

या चौकटीत पुरता न बसणारा निकाल जयपूरच्याच ‘विशाखा’ या संस्थेच्या नावाने ओळखला जातो. भटेरी गावात बालविवाह रोखू पाहणाऱ्या, शासकीय योजनेत ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या स्त्रीवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदाच नव्हता. विशाखा व इतर संघटनांच्या याचिकेवर न्या. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. किरपाल यांच्या पीठाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी, संसद कायदा करीपर्यंत पाळावयाची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली : तक्रार समितीची प्रमुख स्त्री असावी, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि बाहेरच्या संस्थेचा प्रतिनिधीही असावा. इतका बारीक तपशील एरवी संसदच लिहिते, त्यामुळे न्यायालयाने मर्यादा ओलांडली असा आक्षेप घेता येतो. पण कायद्याची जागाच रिकामी असताना तो फारसा टिकत नाही.

पूर्वनिर्णयाचे बळ १९९९ मध्ये दिसले. स्पर्श घडला नसल्याचे कारण देऊन दिल्ली उच्च न्यायालयाने वस्त्र निर्यात प्रोत्साहन परिषदेच्या एका अधिकाऱ्याची लैंगिक छळाबद्दलची बडतर्फी उठवली होती. सर्वोच्च न्यायालयाने विशाखातील छळाच्या व्याख्येचा आधार घेऊन ती पुन्हा कायम केली. कार्यालयांत मात्र समित्या आपोआप स्थापन झाल्या नाहीत, कारण पूर्वनिर्णय न्यायालयांना बांधत असला तरी टेबलामागच्या अधिकाऱ्यापर्यंत तो कुणीतरी न्यावा लागतो. ते काम मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेने केले आणि अंमलबजावणीतील ढिलाईवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये नव्याने आदेश दिले. पुढच्याच वर्षी कायदा आला. तत्त्वांची जागा त्याने घेतली असली, तरी छळाच्या व्याख्येचा अर्थ लावताना १९९९ चा निकाल आजही पुढे केला जातो.