पोटाचं कोडं आणि दुर्बीण

पोट अचानक दुखू लागतं, रक्ततपासणी होते, सोनोग्राफी होते, तरी कारण सापडत नाही. अशा वेळी नुसती वाट पाहण्यापेक्षा दुर्बिणीने पोटात पाहणं शहाणपणाचं, असं माझं ठाम मत आहे. बेंबीजवळ सेंटिमीटरभर छेद घेऊन, कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवून कॅमेरा आत घातला की अपेंडिक्स, बीजांडकोश, क्षयाचे बारीक दाणे थेट दिसतात. मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी 1972 पासून असं निदान केलं. ब्रिटनमधल्या 120 रुग्णांच्या 1999च्या अभ्यासात लवकर दुर्बीण घातलेल्यांपैकी 81 टक्क्यांचं निदान झालं, वाट पाहिलेल्यांपैकी 36 टक्क्यांचंच.

यात पूर्ण भूल लागते, क्वचित आतड्याला इजा होते, आणि आता सीटी स्कॅन पुष्कळ सांगतो, हे आक्षेप खरेच आहेत; म्हणून स्कॅन आधी करावा. पण बीजांडकोशाला पडलेला पीळ त्यातून निसटू शकतो, आणि उशीर झाला तर बीजांडकोश निकामी होतो. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला मात्र दुर्बिणीची तपासणी नको. हुबळी-धारवाडदरम्यानच्या आम्हा रायापूरकरांना अशा उपचारासाठी शेजारी सत्तूरचं एस.डी.एम. आणि हुबळीचं के.एम.सी.आर.आय. (पूर्वीचं किम्स) ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. दुखणं थांबत नसेल तर घरी गोळ्या घेत बसू नका, वेळेत तिथे जा.