‘होतंय रे’ म्हणता म्हणता...

एप्रिलमधली एक रात्र. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर अकरा वाजताही गर्दी. कुणाच्या हातात पेनड्राइव्ह, कुणी फुटपाथवर बसून लॅपटॉपवर पेज नंबर टाकतंय, कुणी फोनवर ओरडतंय, ‘अरे, कुठली फाइल फायनल? फायनल टू की खरंच फायनल?’ ब्लॅक बुक सकाळपर्यंत बाइंड करून हवंय आणि दुकानदार शांतपणे सांगतोय, ‘आता उद्या संध्याकाळी मिळेल.’

आमचा चौघांचा ग्रुपही त्या गर्दीत होता. प्रोजेक्टचा विषय जुलैमध्ये ठरला होता, म्हणजे हातात चांगले नऊ महिने होते. आणि सबमिशनला चार दिवस उरले असताना कळलं, की डेटाबेसचा भाग चालतच नाहीये. तो ज्याच्याकडे होता, त्याला कधीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं असायचं, ‘होतंय रे.’ आम्हीही ‘ओके’ म्हणून अंगठा टाकायचो आणि विषय संपायचा. त्या चार रात्री कोण कुणाला काय बोललं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्रोजेक्ट कसाबसा जमा झाला, मार्कही मिळाले. पण चौघांपैकी दोघं पुढे वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते.

बऱ्याच दिवसांनी तो म्हणाला, ‘मला नोव्हेंबरपासूनच जमत नव्हतं. तुम्हा तिघांचं पुढे गेलेलं दिसायचं, मग सांगायची लाज वाटायची.’

आम्ही त्याला आळशी ठरवून मोकळे झालो होतो. तो तर अडकला होता.

अंदाज सगळ्यांचाच चुकतो

‘आपण वेळेत करू’ असं वाटणं हा तुमचा-आमचाच दोष नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये याला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं, सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५हून जास्त! म्हणजे वाईटात वाईट अंदाजसुद्धा कमीच पडला.

ही झाली एकट्याची गोष्ट. ग्रुपमध्ये गणित आणखी बिघडतं. समजा, चौघांपैकी प्रत्येकाचं काम वेळेत होण्याची शक्यता ८० टक्के आहे. ऐकायला झकास. पण चौघांचंही वेळेत होण्याची शक्यता किती? ०.८ चार वेळा गुणा. उत्तर येतं जेमतेम ४१ टक्के. आणि प्रोजेक्ट पूर्ण व्हायला चौघांचंही काम लागतं.

चौघांचं काम, म्हणजे कुणाचंच नाही

‘रिपोर्ट आपण सगळे मिळून लिहू’ हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये एकदा तरी येतं. तो रिपोर्ट मग शेवटी एकच मुलगी रात्रभर बसून लिहिते.

मॅक्स रिंगेलमन नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी लोकांना दोर ओढायला लावून त्यांची ताकद मोजली होती. माणसं वाढली, तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. पुढे अमेरिकेत टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून असेच प्रयोग झाले. त्यात एक महत्त्वाची गोष्ट दिसली. आपला आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं, की माणसं ढिली पडत नाहीत.

म्हणून प्रत्येक कामापुढे एकच नाव हवं. मदत चौघं करतील, पण उत्तर एकजण देईल. आणि काम असं लिहा, की झालं की नाही ते डोळ्यांना दिसेल. ‘डेटाबेस बघणे’ हे काम नाही. ‘शुक्रवारपर्यंत लॉगिन चालवून दाखवणे’ हे काम आहे.

रंगीत तालीम कधी आहे?

डेडलाइन कशी पाळायची, हे कॉलेजच्या एकांकिकावाल्यांकडून शिकावं. ‘पुरुषोत्तम’ असो की ‘आयएनटी’, तारीख पुढे ढकलून मिळत नाही. पडदा उघडला की उघडला. म्हणून ती मंडळी प्रयोगाच्या आधी रंगीत तालीम करतात. सेट, लाइट, कपडे, म्युझिक सगळं लावून. काय फसतंय ते प्रयोगात नाही, तालमीत कळावं म्हणून. एखादा प्रवेश बसतच नसेल तर तो कापतात, रडत बसत नाहीत.

प्रोजेक्टचीही रंगीत तालीम ठरवा. त्यासाठी कॅलेंडर उलटं वाचा. समजा, सबमिशन १५ एप्रिलला आहे. सीझनमध्ये बाइंडिंगला दोन-तीन दिवस. गाइड आणि एचओडींच्या सह्यांना दोन-तीन दिवस, कारण नेमके तेव्हाच सर परीक्षेच्या ड्यूटीवर असतात. गाइडनी सांगितलेल्या दुरुस्त्यांना एक आठवडा. म्हणजे रिपोर्ट १ एप्रिलला तयार हवा. तो लिहायला दोन आठवडे धरले, तर मार्चच्या मध्यावर प्रोजेक्ट चालायला हवा. तुमची खरी डेडलाइन ही आहे. त्या दिवशी चौघांनी लॅबमध्ये बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं चालवून बघायचं. जे चालणार नाही, त्याबद्दल तिथेच ठरवायचं. दुरुस्त करायचं की कापायचं?

‘शेवटी कुणाला तरी मदतीला घेऊ’ या भरवशावर मात्र राहू नका. आयबीएममध्ये एका प्रचंड सॉफ्टवेअर प्रकल्पाची धुरा सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५मध्ये लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. कारण सोपं आहे. नव्या माणसाला समजावून सांगण्यात जुन्यांचा वेळ जातो. मदत मागायची तर नोव्हेंबरमध्ये मागायची, एप्रिलमध्ये नाही.

‘होतंय’ला उत्तर ‘दाखव ना’

आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं, समोरासमोर बसा. कँटीनमध्ये चहा घेताघेता चालेल. तीनच प्रश्न विचारायचे. या आठवड्यात काय झालं, दाखव. कुठे अडलंय? कुणाची मदत हवी आहे? ‘दाखव’ म्हणताना पोलिसी थाट नको. आधी आपलं अर्धवट, फसलेलं काम उघडून दाखवलं, की दुसऱ्यालाही धीर येतो. आणि एक नियम पहिल्याच दिवशी ठरवून टाका, दोन दिवस अडकलो तर तिसऱ्या दिवशी ग्रुपवर सांगायचं. कुणी चेष्टा करायची नाही.

तरीही एखादा कामच करत नसेल तर? ग्रुपवर टोमणे मारण्याआधी त्याला एकट्याला गाठा आणि विचारा. घरी कुणी आजारी असेल, संध्याकाळी तो नोकरी करत असेल, नाहीतर त्याला खरंच येत नसेल. काम लहान करून द्या किंवा अदलाबदल करा. त्यानंतरही हललं नाही, तर गाइडना सांगायला संकोच नको. मात्र वेळेत सांगा, आणि कुठलं काम कधी ठरलं होतं ते समोर ठेवून सांगा. आदल्या रात्री केलेल्या तक्रारीचा कुणालाच उपयोग होत नाही.

आमचा तो मित्र आता पुन्हा भेटतो. मध्यंतरी विषय निघाला तेव्हा मी त्याला विचारलं, तेव्हा आम्ही काय करायला हवं होतं? तो म्हणाला, ‘काही नाही रे. एकदा माझ्या शेजारी बसून स्क्रीन बघायला हवी होतीत.’

नऊ महिन्यांत आमच्यापैकी कुणीही ती एकदासुद्धा बघितली नव्हती.